यादीतल्या कोट्सची भानगड आली कुठून?

नाशकात बसून डेटाचं काम करणाऱ्याला डिसूझा कॉलनी वेगळ्या कारणाने लक्षात राहते. पत्त्यांची यादी येते, एका ओळीत एक एरिया, प्रत्येकाला दोन्हीकडून सिंगल कोट लावायचा, मधे कॉमा टाकायचा आणि क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, चिकटवायचं, दोन मिनिटांचं काम. पंचवटी जाते, सिडको जातं, इंदिरानगर, गंगापूर रोड सगळं सुरळीत जातं आणि डिसूझा कॉलनीशी येऊन गाडी अडते, कारण इंग्रजीत ते नाव डी, मग अ‍ॅपॉस्ट्रॉफी, मग सूझा असं लिहितात, आणि कंप्युटरला अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि सिंगल कोट एकच, त्यामुळे त्याला वाटतं नाव डी वरच संपलं. पुढचं सूझा कॉलनी हे काय लफडं आहे ते त्याला कळत नाही आणि तो एरर फेकतो.

मी पहिल्यांदा अडकलो तेव्हा शहाणपणा केला, यादीतल्या सगळ्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीच उडवल्या. क्वेरी चालली, मी खूश. दोन दिवसांनी जुन्या रेकॉर्डशी जुळवायला बसलो तर त्या कॉलनीतलं एकही गिऱ्हाईक जुळेना. तेव्हापासून हा प्रकार मुळात सुरू कुठे झाला ते शोधायचा नाद लागला.

तर मूळ बरंच जुनं आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात अरिस्टार्कस नावाचा पंडित होमरच्या काव्याच्या हस्तलिखितात लक्ष द्यायच्या ओळीसमोर समासात बाणाच्या टोकासारखी खूण करायचा, तिला दिपले म्हणत. ती समासातली खूण पुढे दुसऱ्याचे शब्द दाखवायला वापरू लागले, छपाई आल्यावर तिथे जोड स्वल्पविराम आले आणि हळूहळू ते समासातून ओळीत शिरले. आपल्याकडे याची गरजच नव्हती. संस्कृतात बोलणं संपलं की इति, मराठीत "असं म्हणाला" किंवा "म्हणून", म्हणजे शब्दच कोटचं काम करायचा. विरामचिन्हं मराठीत रुजवली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडीला देतात.

पण इथवर एक गोष्ट ठीक होती. छापखान्यात जुळारी खिळे जुळवायचा तेव्हा उघडणाऱ्या कोटचा खिळा वेगळा आणि मिटणाऱ्याचा वेगळा. कंसासारखंच, उघडा कुठला आणि बंद कुठला हे बघूनच कळतं. वाट लावली ती टाइपरायटरने. कळा मोजक्या, त्यामुळे जिथे वाचवता येईल तिथे वाचवा, कित्येक मशीनवर तर १ आकड्याची कळसुद्धा नसायची, लहान एल मारून भागवायचे. त्याच काटकसरीत उघडणारा आणि मिटणारा कोट एकच झाला, उभा, सरळ, कुठल्याच बाजूला न झुकणारा. माझ्या मते आजची सगळी डोकेदुखी या वाचवलेल्या कळेची आहे.

१९६३ साली अमेरिकेत आस्की, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला नंबर ते सांगणारा कोड, ठरला तेव्हा ही सरळ चिन्हंच कोडात बसली, डबल कोटला ३४ आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफीला ३९. आणि ३९ नंबरच्या बिचाऱ्याला किती कामं, तोच अ‍ॅपॉस्ट्रॉफी, तोच मिटणारा सिंगल कोट, आणि पुढे टेलिटाइपवर, म्हणजे तारेने मजकूर पाठवणाऱ्या टाइपयंत्रावर, बॅकस्पेस मारून अक्षरावर आघातचिन्ह उमटवायलाही तोच.

प्रोग्रॅमिंगवाल्यांना हे लवकर जाणवलं होतं असं दिसतं. १९५७ च्या फोरट्रान भाषेत तर कोट नव्हतेच, अक्षरं मोजायची, आधी आकडा, मग एच, मग तितकी अक्षरं. डिसूझा तिथे आरामात बसला असता, फक्त मोजायला चुकलात तर पुढचं सगळं चुकलं. १९६० च्या अल्गोल भाषेने सरळ मार्ग घेतला, उघडणारा कोट वेगळा, मिटणारा वेगळा, एकात एक कितीही घाला. कागदावर सुंदर, पण की-बोर्डवर ती जोडी होती कुठे? ज्याने त्याने आपापल्या मशीनवर काहीतरी चालवून घेतलं. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेने नंतर मजकूर चक्क कंसात घातला, आणि तिथे जोडीतले कंस आत आले तरी काही बिघडत नाही. म्हणजे उपाय माहीत होता, पण बाकीच्यांनी एकाच सरळ कोटवर संसार केला.

त्या संसारात दोन घराणी झाली म्हणा. एक म्हणतं आतला कोट दोनदा लिहा. फोरट्रान ७७ तसं करतं, डेटाबेसची भाषा एसक्यूएलही तसंच करते. दुसरं घराणं आधी खुणेचं अक्षर टाकतं. बीसीपीएल भाषेत ते चांदणी होतं, बी भाषेतही चांदणीच, आणि डेनिस रिचीच्या सी भाषेत तिथे बॅकस्लॅश आला जो आजतागायत छळतोय, कारण आता बॅकस्लॅशच लिहायचा तर तोही दोनदा. आगीतून फुफाट्यात.

सीएसव्ही फाइलची तर गंमतच. आयबीएमच्या फोरट्रानमध्ये कॉमाने तोडलेला डेटा १९७२ पासून चालत होता, पण त्याचे नियम आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात लिहून काढले गेले २००५ साली. मधली तेहतीस वर्षं ज्याला जसं वाटेल तसं. नियम साधा आहे, आत कॉमा असेल तर बाहेरून डबल कोट, आत डबल कोट असेल तर तो दोनदा. आपल्याकडे कॉमा म्हणजे द्राक्षाच्या बिलातले १,२५,००० सुद्धा, बाहेर कोट नसेल तर एका रकमेचे तीन कॉलम होतात. आणि सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतली स्टोअरची यादी घेतलीत तर इंचाची खूण म्हणून डबल कोट पाण्यासारखा वापरलेला असतो. अर्धा इंची निपल (पाइपचा जोड) नियमाने लिहायचं तर "निपल १/२""" असं होतं, शेवटी तीन कोट, जे बघून प्रत्येक नवा पोरगा म्हणतो सर हे चुकून जास्त पडलंय, आणि काढून टाकतो.

एक्सेलवाल्यांनाही वारसा मिळालेलाच आहे. १९७९ च्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटमध्ये आकड्याने सुरू होणारा मजकूर टाकायचा तर आधी डबल कोट मारायचा. लोटस १-२-३ मध्ये सिंगल कोट म्हणजे डावीकडे, डबल म्हणजे उजवीकडे. एक्सेलने त्यातला सिंगल कोट ठेवला, म्हणून सेलच्या सुरुवातीला तुम्ही कोट टाइप करता आणि तो दिसतच नाही.

मग छापखान्यातले वाकडे कोट परत आले. विंडोजच्या कोडात १४५ ते १४८ वर, पुढे युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या कोडात, आणि वर्ड आपणहून सरळचे वाकडे करायला लागलं. २०१७ ला आयओएस ११ ने तेच फोनवर आणलं. दिसायला झकास, पण डेटाबेसला हे कोट वाटतच नाहीत, ती नुसती अक्षरं. म्हणजे ज्या दिशा असलेल्या कोट्सनी प्रश्न सुटला असता ते आले, पण तोवर सगळ्या भाषा सरळ कोटवर बसून गेल्या होत्या.

म्हणून यादी बदलताना क्रम महत्त्वाचा. आधी वाकडे कोट सरळ करा, मग आतले दोनदा करा, आणि शेवटी बाहेरचे लावा. हे उलटं केलंत तर बाहेरचेही दोनदा होतात आणि सगळ्याच ओळी मरतात. स्वतः प्रोग्रॅम लिहीत असाल तर कोट चिकटवूच नका, क्वेरीत व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून व्हॅल्यू वेगळी पाठवा, कारण १९९८ च्या डिसेंबरात फ्रॅक या हॅकर मासिकात छापून आलं तेव्हापासून एका सुट्या कोटमधून अख्ख्या डेटाबेसात शिरता येतं हे जगजाहीर आहे.

परवा परत एक यादी आली. त्यात डिसूझा कॉलनी तीन तऱ्हेची, एक सरळ कोटची, एक फोनवरून आलेली वाकड्या कोटची, आणि एक कोणीतरी वैतागून कोटच काढून टाकलेली. ती तिसरी बहुतेक माझीच जुनी.