प्रमाणके (मानसशास्त्रीय चाचणी)

चाचणीतला प्राप्तांक कोणाच्या तुलनेत कमी किंवा जास्त, हे ज्या संदर्भगटाच्या आकडेवारीवरून ठरते तिला प्रमाणके म्हणतात. नुसता कच्चा प्राप्तांक मुका असतो. मुलाने ४० पैकी २२ शब्द ओळखले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. त्याच्याच वयाच्या, त्याच्यासारख्याच वातावरणात वाढलेल्या पुष्कळ मुलांना तीच चाचणी दिली, की त्या २२ ला अर्थ येतो.

सोलापुरात हा मुद्दा फार जवळचा आहे. पूर्वभागातल्या विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शहरातल्या अनेक मोहल्ल्यांत उर्दू; आणि यांतली कित्येक मुले शिकतात मराठी शाळेत. पुण्यातल्या मराठी घरांमधून काढलेली प्रमाणके अशा मुलाला लावली, तर मोजले जाते ते बरेचसे त्याचे मराठी आणि अहवालात नोंद होते बुद्धीची. पुन्हा चाचणी घेतली तरी आकडा जवळपास तोच येईल. म्हणजे विश्वसनीयता (पुन्हा तोच आकडा येणे) आहे, सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) नाही. मुलावर अन्याय होतो तो नेमका इथे.

संदर्भगटाचे वर्णन मुख्यतः सरासरी आणि प्रमाण विचलन यांनी करतात. गट लहान असेल तर सरासरी फसवते : १२, १४, १५, १५, १६, १८, ५० या सात प्राप्तांकांची सरासरी २० येते, पण सातांपैकी सहा मुले तिच्या खालीच आहेत. मध्यगा, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा प्राप्तांक, १५ हेच इथे खरे चित्र. प्रमाण विचलन प्राप्तांकांचा पसारा सांगते. वितरण प्रसामान्य असेल, म्हणजे बहुतेक प्राप्तांक मध्याजवळ आणि टोकांना थोडे असतील, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलनात सुमारे ६८ टक्के लोक येतात. वेक्सलर यांच्या बुद्धिमापन चाचण्यांत सरासरी १०० व प्रमाण विचलन १५ धरलेले असते; म्हणून ८५ ते ११५ हा भरगच्च मधला पट्टा.

शततमकाबद्दल, म्हणजे शंभरातली किती मुले मागे आहेत हे सांगणाऱ्या आकड्याबद्दल, पालकांशी सावकाश बोलावे लागते. बुद्ध्यंक (आयक्यू) ९२ म्हणजे साधारण ३० वा शततमक. ३५ ला पास हे मनात पक्के बसलेल्या आईवडिलांना हा नापासाचा शेरा वाटतो. वास्तविक अर्थ एवढाच, की शंभरातली सुमारे ३० मुले त्याच्या मागे आहेत; मूल मधल्या पट्ट्यातच आहे. शिवाय ९२ हाही काही नेमका बिंदू नव्हे. विश्वसनीयता गुणांक (१ म्हणजे पूर्ण विश्वसनीय) ०.९१ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, ४.५ येते आणि ९५ टक्के खात्रीने बोलायचे तर ८३ ते १०१ असा पल्लाच सांगावा लागतो. अहवालात एकच आकडा लिहून थांबणे चुकीचे आहे. पल्ला, संदर्भगट आणि प्रमाणकांचे वर्ष लिहायलाच हवे.

वर्ष यासाठी, की प्रमाणके जुनी होतात. अमेरिकेत दर दशकाला बुद्ध्यंक सुमारे ३ गुणांनी वाढत गेल्याचे संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले; म्हणून जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलाचा आकडा फुगतो. व्ही. व्ही. कामत यांनी बिने श्रेणीचे (बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे) कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी केलेले रूपांतर १९३४ मधले; सोलापूरसारख्या दुभाषी सीमाभागाला ते मोलाचे, पण त्या काळच्या प्रमाणकांवर आजचे मूल तोलता येत नाही. रेव्हन यांच्या आकृत्यांच्या चाचणीत (१९३८) शब्दांची अडचण बरीच कमी होते. स्थानिक प्रमाणके मात्र तिलाही लागतात.