‘कट्’ आवाजानंतरचे आठवडे

कंबरेत उसण भरली किंवा मान आखडली की वाटतं, कुणीतरी एकच झटका द्यावा आणि सगळं मोकळं व्हावं. कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणक्यांना हातांनी झटके देण्याच्या उपचाराची, ओढ वाटते ती त्यामुळेच. रुग्णाला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा पोटाकडे घेतात, खांदा धरून ठेवतात आणि कंबरेला एक छोटा, वेगवान झटका देतात. ‘कट्’ असा आवाज येतो आणि जखडलेली पाठ सैल पडते. हे बरं वाटणं खरं असतं. फक्त ‘सरकलेला मणका जागेवर बसवला’ हे त्याचं कारण नसतं.

ही कल्पना १८९५ सालची. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट इथे डॅनियल डेव्हिड पामर चुंबकीय उपचार करायचे. हार्वी लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या कामगाराचा मणका आपण दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा होता. त्यावरून त्यांनी बहुतेक आजारांचं मूळ जागा सोडलेल्या मणक्यांत शोधलं. पण कानाची नस कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही. त्यामुळे कुणी पाठीवर झटके देऊन दमा किंवा बहिरेपणा बरा करतो म्हणत असेल, तर तिथून उठावं. पाठ आणि मानेचं दुखणं हा मात्र वेगळा विषय आहे. तिथे या उपचाराला थोडा का होईना, पण खरा आधार आहे.

आधी त्या आवाजाचं पाहू. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात आणि त्यांत वंगणासारखा द्रव असतो. बोटांच्या सांध्यांतही तसाच द्रव असतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोट ओढून ते ‘मोडताना’ चित्रित केलं. बोटं एका कायरोप्रॅक्टरचीच होती. सांध्याचे पृष्ठभाग ताणले गेले, एका क्षणी झटकन विलग झाले आणि मधल्या द्रवात एक पोकळी तयार झाली. आवाज आला तो त्याच क्षणी. हाड कुठून कुठे गेलं नव्हतं. आराम पडतो तो बहुधा मज्जासंस्थेमुळे. अचानक ताणल्या गेलेल्या स्नायू आणि सांध्यांतून संदेश जातात, आवळलेले स्नायू काही वेळ सैल होतात आणि दुखण्याची जाणीव बोथट होते. हा परिणाम सहसा फार टिकत नाही.

खरी दुरुस्ती सावकाश होते, कारण मणक्यांमधल्या गाद्यांची घडणच तशी आहे. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, असतात त्याही कडेला. तिचं पोषण वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत येतं. चालताना, उठता-बसताना दाब वाढतो आणि कमी होतो, त्यासोबत गादीतलं पाणी आत-बाहेर होतं. म्हणून दिवसचे दिवस पडून राहणं तिला मानवत नाही. ‘स्लिप डिस्क’ म्हणजे गादीचा आतला मऊ भाग बाहेर येणं. या बाहेर आलेल्या तुकड्याला शरीर परकं समजतं, प्रतिकारपेशी तो हळूहळू खाऊन टाकतात आणि अनेकांच्या बाबतीत तो आक्रसतो. याला आठवडेच नाही, तर महिनेही लागतात. तोवर दुखणं दोन दिवस कमी, एक दिवस जास्त असं हेलकावे खात उतरतं. तो एक वाईट दिवस आला की माणूस घाबरतो, वाकायचं टाळतो, अंग चोरून वावरतो. स्नायू आणखी ताठतात आणि दुखणं लांबतं.

भीती वाढवण्यात एमआरआयच्या अहवालाचाही हात असतो. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पन्नाशीतल्या साधारण ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या, आणि विशीतही हे प्रमाण ३७ टक्के होतं. अहवालातला ‘झीज’ हा शब्द वाचून कुणी स्वतःला मोडकं समजू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत मणक्यांवरच्या हातांच्या उपचाराला सशर्त जागा आहे, व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांच्या सोबतीनं. कंबरपट्टा आणि वजन लावून ताण देणं नेहमीच्या उपचारांत वापरू नये, असंही त्यांत म्हटलं आहे. माझ्या मते या उपचाराचा खरा उपयोग एवढाच: दुखणं जरा उतरलं की त्या मोकळ्या वेळात हालचाल वाढवून घ्यायची. जो कायरोप्रॅक्टर झटक्यासोबत व्यायाम शिकवतो आणि कधी थांबायचं ते सांगतो, तो चांगला. वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ मागणारा नको.

मानेबाबत जास्त जपावं लागतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून जातात. झटक्यानंतर त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या फार विरळ आहेत, पण परिणाम गंभीर असतो. मानेत किंवा डोक्यात पूर्वी कधी न झालेली तीव्र कळ, तोल जाणं, बोलताना जीभ अडखळणं, एकाची दोन दिसणं, यांपैकी काहीही असेल तर मानेला हात लावू देऊ नये, थेट रुग्णालय गाठावं. मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पायातली शक्ती वेगानं कमी होणं, यासाठीही तेच.

बरं झाल्यावर दुखणं परतू नये म्हणून काय करावं, यावर ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर अभ्यास झाला आणि तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या निम्म्या लोकांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत नेलेलं चालणं दिलं होतं. सहा महिन्यांत आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास, इथवर पोचायचं होतं. ज्यांना काहीच उपचार दिले नव्हते, त्यांच्या गटात निम्म्या लोकांचं दुखणं परतायला ११२ दिवस लागले. चालणाऱ्यांच्या गटात २०८.