तंबोऱ्याची तार आणि घोडीवरचा दोरा

तंबोऱ्याची तार बरोबर मधोमध छेडली, तर गणिताच्या हिशेबाने तिचे दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे चढे सूर) गप्प राहायला हवेत. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८००च्या सुमारास हा नियम मांडला. तार छेडली त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येतो, तो उपस्वर उमटत नाही. ग्वाल्हेरात हे पडताळायला लांब जायला नको. लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा अजून सापडतो, आणि १९१८पासून चालू असलेलं माधव संगीत महाविद्यालय तर आहेच. जवारी (तार घोडीवर, म्हणजे तिला पेलणाऱ्या पट्टीवर, कशी टेकते याची जुळणी) नीट लागलेला तंबोरा मधोमध छेडून पाहा, सम उपस्वर खुशाल वाजतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१मध्ये ही गोष्ट नोंदवली. यंग यांचं गणित मात्र चुकलेलं नव्हतं.

तारेचं समीकरण तसं साधं आहे. तारेचा प्रत्येक बिंदू आपल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे ओढला जातो. तिथे तार जितकी जास्त वाकलेली, तितका त्या बिंदूचा परत येण्याचा वेग झपाट्याने बदलतो. किती झपाट्याने, हे तारेचा ताण आणि तिच्या दर मीटरला असलेलं वजन यांवर ठरतं. जागा आणि वेळ दोन्हींबरोबर बदलणाऱ्या राशीचं असं समीकरण म्हणजे आंशिक विकलक समीकरण. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी ते १७४७मध्ये सोडवलं. उत्तर असं, की तारेवरचा कोणताही आकार दोन भागांत फुटून उलटसुलट दिशांना धावतो आणि टोकांवर आपटून उलटा होऊन परततो. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेली जोडाची तार, म्हणजे मधल्या दोन तारांपैकी एक, सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावते. तिची लांबी एक मीटर धरली, तर तारेवरची लाट सेकंदाला २७८ मीटर पळते, म्हणजे ताशी सुमारे हजार किलोमीटर. एका मीटरच्या तारेवर!

स्विस गणिती डॅनियल बर्नुली यांनी १७५३मध्ये दुसरी वाट धरली. तारेचं कुठलंही हलणं म्हणजे एक कमान, दोन कमानी, तीन कमानी अशा साध्या कंपनांची बेरीज, असं ते म्हणाले. त्यांच्या काळातले थोर गणिती ऑयलर यांना ते पटलं नाही, आणि वाद बरीच वर्षं चालला. पुढे फ्रेंच गणिती फूरिये यांच्या कामानंतर बर्नुलींची बाजू वरचढ ठरली. एकच, दोन, तीन कमानी का? अडीच का नाहीत? कारण दोन्ही टोकं घट्ट बांधलेली आहेत आणि तिथे तार हलूच शकत नाही. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या, तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार म्हणजे पाच कमानींचं कंपन, अर्थात पाचवा उपस्वर. सूर कुठला निघणार, हे ठरवण्यात टोकांचा वाटा समीकरणाइतकाच मोठा असतो.

तंबोऱ्याचं एक टोक मात्र घट्ट नसतं. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार त्यावर टेकते, उचलते, पुन्हा टेकते, म्हणजे तिची वाजती लांबी दर कंपनात थोडी बदलते. तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला दोरा केसभर सरकवला की हे टेकणं कुठे आणि कधी होईल ते बदलतं. दर टेकण्याला मोठ्या कमानींमधली थोडी ऊर्जा लहान कमानींकडे जाते, आणि मधोमध छेडल्यामुळे गप्प राहिलेले सम उपस्वरही जागे होतात. पोलादी तारेचा ताठरपणाही यात हात घालतो. त्याच्यामुळे बारीक लाटा जाड लाटांपेक्षा जरा वेगाने पळतात, आणि उपस्वरांची ती सरकती झळाळी तयार होते.

इथे बर्नुलींची बेरीज चालत नाही. तार घोडीला टेकली की नाही हे सगळ्या तारेच्या एकत्रित हालचालीवर ठरतं, त्यामुळे दोन उत्तरं मिळवून तिसरं उत्तर मिळत नाही. मग उरतो संगणक. तारेचे २०० तुकडे करायचे, प्रत्येकी पाच मिलीमीटरचे. एखाद्या तुकड्याची पुढच्या क्षणाची जागा काढायला त्याची आताची जागा, आधीची जागा आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या जागा पुरतात. नुसती शाळेतली बेरीज-वजाबाकी आणि एक गुणाकार. घोडीजवळच्या तुकड्यांसाठी दर वेळी एक जादा प्रश्न: तार लाकडात घुसते आहे का? घुसत असेल तर घोडी तिला वर ढकलते.

यात एक पथ्य आहे. लाट एक तुकडा ओलांडायला जेवढा वेळ घेते, त्याहून मोठं पाऊल काळात टाकायचं नाही. टाकलं तर काही पावलांतच आकडे बेफाम वाढतात आणि तार घर फोडून बाहेर जाते, निदान पडद्यावर तरी. कूरंट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितींनी ही अट १९२८मध्ये मांडली. आपल्या तारेसाठी ते पाऊल सेकंदाच्या साधारण पंचावन्न हजाराव्या भागाचं. म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला एक कोटी दहा लाखांच्या आसपास हिशेब. साध्या लॅपटॉपला हे काहीच नाही. पण घोडीवरची फट मिलीमीटरच्याही अंशात असते, तिथे पाच मिलीमीटरचे तुकडे फार भोंगळ. एक मिलीमीटरवर यायचं तर तुकडे पाचपट, पावलंही पाचपट, काम पंचवीसपट.

शिवाय त्या आकड्यांना थंडीही कळली पाहिजे. डिसेंबरात ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाच्या मैफली रात्री उशिरापर्यंत रंगतात आणि पारा झपाट्याने उतरतो. दहा अंश थंडी वाढली, तर पोलादी तार आकसल्याने ताण वाढतो आणि सूर एक-दोन टक्क्यांनी चढतो. अर्ध्या सुराचं अंतर सहा टक्क्यांचं असतं, म्हणजे फरक तसा छोटा, पण गवयाच्या कानाला टोचणारा. तारेत ओवलेला मणी सरकवून तो सुधारता येतो. जवारीचं मात्र तसं नाही. ताण बदलला की तार घोडीवर टेकण्याची तऱ्हाही बदलते आणि दोऱ्याला पुन्हा हात लावावा लागतो.

आणि ही सगळी एकट्या तारेची गोष्ट झाली. तार स्वतः हवा फारशी हलवत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला (भोपळ्यावरच्या पातळ लाकडी झाकणाला), तबली भोपळ्यातल्या हवेला. तबलीचं समीकरण दोन मितींचं, आणि लाकूड रेषांच्या बाजूने जितकं ताठ तितकं आडवं नसल्याने त्यात दिशेचाही विचार आला. हवेचं समीकरण तीन मितींचं. तिथे जाळी निम्म्याने बारीक केली की काम सोळापट होतं.