मुलांचा रियाज आणि गाणं न येणारे आई-बाबा

तबला शिकणाऱ्या मुलाला घरात रोज विचारलं जातं, ‘वीस मिनिटं बसलास का?’ मिनिटं मोजणं सोपं, म्हणून आपण ती मोजतो. पण त्या वीस मिनिटांत काय झालं, हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते ओळखायला आपल्याला संगीत यावंच लागतं असं नाही.

इंग्लंडमध्ये जेन डेव्हिडसन, जॉन स्लोबोदा आणि सहकाऱ्यांनी वाद्य शिकणाऱ्या २५७ मुलांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. चांगली प्रगती केलेल्या मुलांचे पालक संगीतात खास तयार होते असं त्यात दिसलं नाही. मात्र सुरुवातीच्या वर्षांत ते शिक्षकांशी बोलत, रियाजाच्या वेळी जवळ असत.

जवळ बसून करायचं काय? ऑस्ट्रेलियात जेम्स रेनविक आणि गॅरी मॅकफर्सन यांनी क्लॅरिनेट शिकणाऱ्या एका मुलीच्या सरावाचं चित्रीकरण करून तो बारकाईनं तपासला. शिक्षकांनी दिलेले तुकडे ती बहुतेक वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून मोकळी व्हायची. स्वतः निवडलेल्या रचनेवर मात्र ती थांबायची, गुणगुणायची, नुसती बोटं फिरवून पाहायची, अडलेली जागा पुन्हा घ्यायची. मूल तेच, वाद्यही तेच! म्हणून गुरुजींच्या गृहपाठासोबत मुलाच्या आवडीचं काहीतरी रोज वाजू द्यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. ते सिनेमातलं गाणं असलं तरी चालेल.

‘धाधा तिट धाधा तूंना’ हा कायदा, म्हणजे तबल्यावर वाजवायची ठरलेल्या बोलांची एक रचना, घ्या. मूल तो दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, वाजवू लागतं आणि ‘तिट’पाशी दर वेळी अडखळतं. तसंच रेटत पुढे गेलं, तर हात अडखळणंही तितक्याच इमानानं शिकतो, कारण बरोबर काय आणि चूक काय, हे नुसत्या पुनरावृत्तीला कळत नाही. अशा वेळी ‘तिट कुठं अडतोय? तेवढाच ठायीत, संथ लयीत वाजव,’ एवढं म्हणणं पुरतं. त्याआधी त्याला बोल तोंडानं म्हणायला लावा आणि तुम्ही हातावर ताल धरा. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे टाळी न देता नुसता हात फिरवायचा. हे कोणत्याही आईला किंवा आजोबांना थोड्या सवयीनं जमतं. पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, पक्की असली की पुढचा बोल आठवण्यात मन गुंतत नाही, लक्ष हाताच्या निकासाकडे, म्हणजे बोल हातातून कसा निघतो याकडे राहतं.

आठवडाभर बुडालेला रियाज रविवारी दीड तास बसवून भरून निघत नाही. अॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ साली ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांच्या टंकलेखन प्रशिक्षणाचे निष्कर्ष मांडले. रोज एकच तास शिकलेल्यांना एकूण सर्वांत कमी तास लागले, रोज चार तास शिकणाऱ्यांना जास्त. गंमत म्हणजे सर्वांत कमी समाधानी होते ते एक तासवालेच, कारण त्यांचे दिवस जास्त गेले. सावकाश मुरणारी गोष्ट शिकणाऱ्यालाही सावकाशच दिसते. मुलाला कंटाळा आला म्हणून ‘याला गती नाही’ असा निष्कर्ष लगेच काढू नये.

पाहुणे आले की ‘वाजवून दाखव’ हा आग्रह मात्र टाळा. अर्धवट बसलेला कायदा चारचौघांत वाजवताना मूल चुका लपवायला शिकतं, आणि रियाजात तर त्या उघड्या पडायला हव्यात.

डेव्हिडसन यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पुढे गेलेल्या मुलांच्या पालकांचा सहभाग किशोरवयात कमी होत गेला, मागे पडलेल्यांच्या पालकांचा वाढला. म्हणजे सातव्या वर्षी शेजारी बसून ताल धरावा, आणि चौदाव्या वर्षी दार लोटून घेऊन त्याचं त्याला वाजवू द्यावं.