एका खटक्याच्या सहा जागा: गिब्सन एल६-एसची पार्श्वभूमी

गिब्सनची इलेक्ट्रिक गिटार म्हटली की लेस पॉल आणि एसजी ही दोनच नावे तोंडी येतात. त्याच कंपनीने १९७३ मध्ये आणलेली एल६-एस मागेच राहिली. मेपलची पातळ बॉडी, २४ फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या), तारेचे कंपन विजेत बदलणारे दोन हम्बकर पिकअप, आणि पिकअप निवडण्यासाठी नेहमीच्या तीन जागांच्या खटक्याऐवजी सहा जागांचा गोल फिरणारा खटका. त्यावरची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी एका बाजूला निमुळती, जुन्या रेडिओवर असायची तशी. जाहिरातीत कार्लोस सान्ताना होता, तरी गिटार फारशी चालली नाही आणि दशक सरता सरता बंद पडली. जाणकारांत तिच्याविषयी दोन मते आढळतात. एक, इतके वेगवेगळे आवाज देणारी दुसरी गिब्सन नाही. दुसरे, स्टेजवर आपण कोणत्या जागेवर आहोत तेच कळत नाही. दोन्ही खरी आहेत. खटका मुळात आला कशासाठी, ते पाहिले की दोन्हींचा उलगडा होतो.

सुरुवात अँपमधून येणाऱ्या घुमघुमीपासून करावी लागते. लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे म्हणजे पिकअप. लोखंडी तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते. पण तेच वेढे आसपासच्या वायरिंगमधली विजेची लहरही पकडतात. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. जत्रेतल्या नाटकाला स्टेजवर दिव्यांचे डिमर, जनरेटरवर चाललेला पुरवठा आणि नावापुरते अर्थिंग असे सगळे जमून आले की एका कॉइलचा (वेढ्यांच्या एकाच गुंडाळीचा) पिकअप गाण्याआधीच गायला लागतो. यावर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोडगा काढला: शेजारी शेजारी दोन कॉइल, दुसरीचे वेढे उलटे आणि चुंबकाचे टोकही उलटे. तारेचा आवाज दोन्हींत एकाच दिशेने येतो आणि बेरीज होते, बाहेरची घुमघुम उलटसुलट येते आणि कटते. १९५७ पासून हे हम्बकर गिब्सनवर बसू लागले. त्याची किंमत मात्र मोजावी लागली. दोन कॉइल सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडल्या की आवाज जाड आणि जोरकस होतो, पण वरचा लखलखाट जातो. कॉर्डमधले स्वर वेगवेगळे ऐकू येत नाहीत.

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. तिला तीन पिकअप, पण खटक्याला जागा तीनच. वादकांच्या लक्षात आले की खटका दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक पोकळ, काचेसारखा आवाज येतो. फेंडरने कारखान्यातून पाच जागांचा खटका द्यायला १९७७ उजाडले. या मधल्या आवाजाला अजूनही पुष्कळ जण ‘आउट ऑफ फेज’, म्हणजे दोन पिकअपच्या लहरी एकमेकींच्या उलट, असे म्हणतात. ते चूक आहे. तिथे दोन पिकअप एकाच फेजमध्ये, पॅरललमध्ये (समांतर जोडलेले) असतात. खरी उलटी फेज ऐकायची तर ‘क्वीन’ बँडच्या ब्रायन मे याची ‘रेड स्पेशल’ गिटार ऐकावी. १९६३ मध्ये त्याने वडिलांबरोबर ती घरीच बनवायला घेतली. तिच्यावर बर्न्स कंपनीचे तीन पिकअप सिरीजमध्ये, आणि प्रत्येकाला दोन खटके: एक चालू-बंद करायला, एक फेज उलटायला.

गिब्सननेही १९५९ मध्ये ईएस-३४५ वर सहा जागांचा ‘व्हॅरिटोन’ दिला होता. पण तो फक्त गाळणी. वेगवेगळे कपॅसिटर लावून आवाजातला एकेक पट्टा कमी करायचा, पिकअपची जोडणी तीच. काही तरी काढून घेणारा खटका वादकाला फार दिवस आवडत नाही. डॅन आर्मस्ट्राँगने १९६९ च्या सुमारास अँपेग कंपनीसाठी पारदर्शक प्लॅस्टिकची गिटार केली, तिच्यात पिकअपच सरकवून बदलता येत. ते पिकअप बिल लॉरेन्स यांनी बनवले होते. पुढे गिब्सनकडे येऊन एल६-एसचे पिकअप आणि सर्किट त्यांनीच केले.

लॉरेन्स यांची युक्ती सोपी होती: हम्बकरची एकच कॉइल कधी बंद करायची नाही, दोन अख्खे हम्बकर एकमेकांना कसे जोडायचे तेवढेच बदलायचे. पहिल्या जागेवर दोन्ही पिकअप सिरीजमध्ये. दुसरीवर फक्त नेक, म्हणजे मानेकडचा. तिसरीवर दोन्ही पॅरललमध्ये. चौथीवर पॅरललमध्येच, पण फेज उलटी. पाचवीवर फक्त ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या बाजूचा. सहावीवर सिरीजमध्ये, फेज उलटी. कोणत्याही जागेवर जो हम्बकर वाजतो त्याच्या दोन्ही कॉइल चालूच असल्यामुळे सहाही आवाज शांत राहतात. आपल्याकडच्या स्टेजसाठी हा गुण मोठा.

चौथ्या जागेत एक बारकावा आहे. फेज उलटली की दोन्ही पिकअपमध्ये सारखे असते ते कटते, आणि सर्वांत सारखा असतो तो खर्ज. म्हणून असा आवाज नाकातून बोलल्यासारखा येतो. लॉरेन्स यांनी इथे नेक पिकअपच्या वाटेत कपॅसिटर घातला. नेकचा खर्ज अडतो, त्यामुळे ब्रिजचा खर्ज मारायला कोणी उरत नाही. आवाज पोकळ राहूनही अंग धरतो. सहाव्या जागेत ही सोय नाही, आणि ती कानाला लगेच जाणवते.

मीटर लावला तर जोडण्या आकड्यांत दिसतात. प्रत्येक पिकअप ८ किलो-ओहमचा धरला तर व्हॉल्यूम पूर्ण उघडून जॅकवर (केबल लागते तिथे) एकट्या पिकअपला ८ च्या जरा खाली, सिरीजला १६ च्या आसपास, तिसऱ्या जागेच्या पॅरललला ४ च्या आसपास. चौथीवर कपॅसिटर मीटरची वीज अडवतो, म्हणून तिथे एकट्या ब्रिजचाच आकडा येतो. उलटी फेज या आकड्यांत दिसत नाही, ती कानानेच ओळखावी लागते. जुनी एल६-एस तपासताना हाच क्रम धरावा. सिरीजमध्ये आवाज पूर्ण गायब आणि पॅरललमध्ये अर्धवट चालू, असे झाले तर एक पिकअप तुटलेला आहे. हे पिकअप इपॉक्सीत बुडवून बंद केलेले असतात, त्यामुळे आतली तार तुटली तर रीवाइंडिंगचा (तार नव्याने गुंडाळण्याचा) विचार सोडून द्यावा.

मग ती चालली का नाही? तीन जागांच्या खटक्यावर हाताला वर-मध्य-खाली एवढे कळते, डोळे लागत नाहीत. सहा जागांच्या गोल खटक्यावर पहिलीवरून पाचवीवर जाताना मधले तीन आवाज ओलांडावे लागतात, त्यांतला एक पोकळ. गाण्याच्या मध्यावर हे शक्य नाही. गाणे सुरू होण्यापूर्वी आवाज ठरवून बसणाऱ्या वादकाची ही गिटार आहे. गोव्यात असे वादक कमी नाहीत. एकाच मोसमात सासष्टीतल्या लग्नात मांडो हे कोकणी गीत, फोंड्याच्या बाजूला मराठी नाटक, तियात्राची (कोकणी संगीत नाटकाची) कांतारां म्हणजे गाणी आणि किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये इंग्रजी गाणी करणाऱ्याला स्कूटरवर एकच गिटार नेता येते. घुमट या मातीच्या तालवाद्याच्या जोडीने कॉर्ड धरायच्या तर तिसरी जागा, कारण तिथे खर्ज घुमटाच्या वाटेत येत नाही. हिंदी सिनेमातला लीडचा तुकडा पहिलीवर किंवा पाचवीवर.

दुसरी वाट पीव्ही कंपनीच्या टी-६० या गिटारने १९७८ मध्ये धरली. हार्टली पीव्ही आणि चिप टॉड यांनी बंदुकीचे दस्ते कोरण्याच्या यंत्रपद्धतीवरून बॉडी आणि नेक कोरायला घेतले, म्हणून ती स्वस्त पडली. खरी गंमत टोनच्या नॉबमध्ये. हे सर्किट रेड रोड्स या पेडल स्टील वादकाचे. नॉब १० वर असताना पिकअपची एकच कॉइल वाजते. १० वरून ७ कडे येताना दुसरी हळूहळू मिसळत जाते, ७ ला पूर्ण हम्बकर, त्याखाली नेहमीसारखा टोन. खटक्याऐवजी उतार. माझ्या मते हे लॉरेन्स यांच्या सहा जागांपेक्षा हाताला सोपे, पण १० वर घुमघुम परत येते आणि ॲशची बॉडी खांद्याला जड जाते. दुसऱ्या हाताची टी-६० घेणाऱ्यांची नेहमीची तक्रार ‘आवाज फार बारीक’ ही असते. बहुतेक वेळा नॉब १० वर ठेवलेला असतो, एवढेच कारण.

पुढे १९७९ ची फेंडर लीड, १९८५ ची पॉल रीड स्मिथ (तिलाही आधी पाच जागांचा गोल खटकाच होता) अशा गिटारी येत गेल्या. आज सहज मिळणाऱ्यांत यामाहा पॅसिफिका ११२व्ही आहे. तिचा टोन नॉब वर ओढला की ब्रिज हम्बकरची एक कॉइल बंद होते. दिसायला तशीच असलेली ११२जे घेतली तर ही सोय मिळत नाही. दुकानात नॉब ओढूनच पाहावा.

स्वतःच्या गिटारवर फेज उलटायची किंवा एक कॉइल बंद करायची सोय करायची तर पिकअपला चार वायर आणि वेगळे शील्ड हवे. जुन्या पद्धतीच्या, जाळीदार एका वायरीच्या हम्बकरवर फेज उलटायला जाऊ नये. धातूचे झाकण अर्थऐवजी सिग्नलला जोडले जाते आणि बोट लागले की भुंग्यासारखा आवाज येतो. वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात. डिमार्झिओत लाल सिग्नल, हिरवी अर्थ, काळी-पांढरी एकमेकींना. सेमूर डंकनमध्ये काळी सिग्नल, हिरवी अर्थ, लाल-पांढरी एकमेकींना. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की आवाज पातळ होतो किंवा येतच नाही. मधली जोडलेली जोडी पुश-पुल पॉटच्या (ओढता-ढकलता येणाऱ्या नॉबच्या) खटक्यातून अर्थला नेली की सिग्नलकडची कॉइल उरते, सिग्नलला नेली की अर्थकडची. दोन्ही पिकअप एकत्र तोडायचे, म्हणजे प्रत्येकाची एकच कॉइल वाजवायची, तर एकाची उत्तर टोकाची आणि दुसऱ्याची दक्षिण टोकाची कॉइल ठेवावी, म्हणजे दोन्ही एकत्र वाजताना घुमघुम कटते. तोडल्यावर आवाज फार पडत असेल तर जोडी थेट अर्थला न नेता मध्ये २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर घालावा. दुसरी कॉइल थोडी शिल्लक राहते आणि अंग टिकते. टी-६० चा नॉब हेच काम बदलत्या प्रमाणात करतो.

खटके जितके जास्त, तितके गोव्याच्या हवेला खायला जास्त. पावसाळ्यातली ओल आणि खारा वारा यांनी संपर्कांवर पापुद्रा धरतो. गोल खटक्यात सहाही जागांवर तो सारखा धरत नाही: जी जागा वापरात असते ती घासून स्वच्छ राहते, बाकीच्या खरखरतात किंवा मुक्या होतात. पिकअप गेला असे समजून गिटार उघडण्याआधी अँप बंद करून खटका वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. मग इलेक्ट्रॉनिक्सचा, तेल न सोडणारा कॉन्टॅक्ट क्लिनर थोडासा मारून पुन्हा फिरवावा. गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे मारू नये. त्याचा तेलकट थर धूळ धरतो, आणि ऑक्टोबरात मोसम सुरू होईपर्यंत खरखर परत येते.