सायकोपीजी २ वरून ३ वर: पात्रता, अर्जासोबतची कागदपत्रे आणि बदलाचा क्रम

पायथनमधून पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणारा सायकोपीजी २ हा ड्रायव्हर (दोघांना जोडणारे पॅकेज) आजही चालतो, त्यात दुरुस्त्याही होतात. पण नव्या सोयी सायकोपीजी ३ मध्येच येतात. नुसता आवृत्तीचा आकडा बदलून हे अपग्रेड होत नाही, म्हणून चेंज रिक्वेस्ट (बदलाचा अर्ज) भरण्याआधी हे वाचा.

पात्रता

३.२ आवृत्तीसाठी पायथन ३.८ किंवा त्यापुढचे आणि पोस्टग्रेस सर्व्हर १० किंवा त्यापुढचा लागतो. जँगो हे वेब फ्रेमवर्क वापरत असाल तर ४.२ पासूनच हा ड्रायव्हर चालतो, तोही किमान ३.१.८. एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस लायब्ररीत त्यासाठीचा डायलेक्ट (ड्रायव्हरशी जुळवणारा भाग) २.० मध्ये आला. फ्रेमवर्क याहून जुने असेल तर आधी त्याचा वेगळा अर्ज करा; दोन्ही बदल एकत्र केले की बिघाड कुठून आला ते कळत नाही.

अर्जासोबत काय जोडायचे

सध्याच्या सर्व पॅकेजच्या आवृत्त्यांची यादी, कनेक्शन पूलरची (डेटाबेसची कनेक्शने वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग्ज, स्टेजिंगवरच्या (चाचणीच्या सर्व्हरवरच्या) चाचण्यांचा निकाल आणि मागे फिरण्याची योजना. ही योजना इथे सोपी आहे. दोन्ही पॅकेजची नावे वेगळी असल्याने ती एकाच वेळी इन्स्टॉल करता येतात आणि एकेक मॉड्यूल हलवता येते.

सर्वांत महत्त्वाचे कागद म्हणजे हाताने लिहिलेल्या क्वेऱ्यांची यादी. मंजुरी देणाऱ्याने ती मागायलाच हवी. जुना ड्रायव्हर पॅरामीटर स्वतः क्वेरीत गुंफून तयार मजकूर सर्व्हरला पाठवत असे. नवा ड्रायव्हर क्वेरी आणि पॅरामीटर वेगवेगळे पाठवतो, त्यांची सांगड सर्व्हर घालतो. बहुतेक अडचणी इथूनच निघतात. ‘इन’पुढे टपल देणे चालत नाही, त्याऐवजी ‘= ANY’ लिहून लिस्ट द्यावी लागते. ‘सेट’ किंवा ‘क्रिएट टेबल’सारख्या आज्ञांत प्लेसहोल्डर (पॅरामीटरची जागा दाखवणारी खूण) चालत नाही. पॅरामीटर असतील तर एका एक्झिक्यूटमध्ये अर्धविरामाने जोडलेल्या दोन आज्ञाही जात नाहीत. काही ठिकाणी सर्व्हरला पॅरामीटरचा प्रकार ओळखता येत नाही, तिथे कास्ट (प्रकार स्पष्ट सांगणारी खूण) लिहावा लागतो. एखादा भाग लगेच बदलणे शक्यच नसेल तर जुन्या पद्धतीने चालणारा क्लायंट कर्सर ३.१ पासून आहे. तो तात्पुरता वापरा आणि कुठे वापरला तेही अर्जात नोंदवा.

कोड तपासताना ‘विथ’ ब्लॉक एकेक करून पाहा. पूर्वी कनेक्शनवरचा हा ब्लॉक संपला की फक्त ट्रान्झॅक्शन पूर्ण होई, आता कनेक्शनही बंद होते. एकच कनेक्शन तासन्तास वापरणारे वर्कर दुसऱ्या फेरीला अडकतात. तिथे ट्रान्झॅक्शनचा वेगळा ब्लॉक वापरावा.

पूलरवाल्यांनी आणखी एक सेटिंग पाहायचे. एकाच कनेक्शनवर तीच क्वेरी पुन्हा पुन्हा आली की ड्रायव्हर ती आपोआप प्रिपेअर करतो, म्हणजे सर्व्हरवर तयार करून ठेवतो. मूळ मर्यादा ५ वेळांची आहे. पीजीबाउन्सर हा पूलर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर त्याची १.२२ आणि सायकोपीजी ३.२ यांच्या जोडीला लिबपीक्यू (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) १७ लागते. यातले एक जरी कमी असेल तर प्रिपेअरची मर्यादा ‘नन’ करून ही सोय बंद ठेवा.

एवढी मेहनत कशासाठी, हा रकाना भरायला कारणे भक्कम आहेत: असिंक कनेक्शन, कॉपीमध्ये (पोस्टग्रेसच्या मोठा डेटा भरण्याच्या आज्ञेत) पायथनच्या ओळी थेट लिहिण्याची सोय, निकाल डिक्शनरी किंवा क्लासच्या रूपात देणाऱ्या रो फॅक्टरी आणि ३.१ पासून पाइपलाइन मोड (प्रत्येक उत्तराची वाट न पाहता अनेक क्वेऱ्या पाठवणे). माझ्या मते कॉपीची सोय एकटीच पुरेशी आहे. मोठ्या प्रमाणात डेटा भरणाऱ्यांना आता आधी सीएसव्ही तयार करायची गरज उरत नाही. मात्र जुन्या ‘कॉपी फ्रॉम’ आणि ‘कॉपी एक्सपर्ट’ या मेथड आता नाहीत, ते कॉल नव्याने लिहावे लागतात.

मंजुरीनंतर आधी फक्त वाचणारी मॉड्यूल हलवा, मग लिहिणारी, आणि रात्रीचे मोठे जॉब शेवटी. सगळी मॉड्यूल हलल्यावरच जुने पॅकेज यादीतून काढा.