लाल मातीत डीएपी वाढवलं की झालं? नाही हो

कोकणात वर्षानुवर्षं ऐकू येतं, की जांभ्याच्या लाल मातीत स्फुरद (फॉस्फरस) नाहीच, म्हणून पीक पिवळं-जांभळं दिसलं की आणखी एक पोतं डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, टाका. अर्धवट खरंय. बऱ्याचदा स्फुरद असतो, पण लोह आणि ॲल्युमिनियमने तो घट्ट धरून ठेवलेला असतो, वरून टाकलेल्यातलाही बराचसा तसाच अडकतो. त्यात मातीचा पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला, म्हणजे माती जास्त आम्ल झाली, की ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकंच खुंटतात, मग खत असून पोचणार कसं?

इथे पिकाची जात (वाण) महत्त्वाची ठरते. ॲल्युमिनियम सोसणाऱ्या गव्हाची मुळं मॅलिक आम्ल सोडतात, ज्वारीची सायट्रिक, आणि ते ॲल्युमिनियमला मुळाबाहेरच बांधून टाकतं. ब्राझीलचा बीएच ११४६ गहू यासाठीच प्रसिद्ध आहे. भातात कासलथ नावाच्या जुन्या देशी जातीतलं पीस्टोल-१ जनुक २०१२ मध्ये समोर आलं, त्याने मुळं लवकर आणि जास्त फुटतात, स्फुरद कमी असला तरी. गंमत म्हणजे कित्येक सुधारित जातींत ते नाहीच, कारण निवड भरपूर खत घातलेल्या प्लॉटवर!

आता कोणी म्हणेल मग खत बंद. तसंही नाही, धान्यातून स्फुरद शेताबाहेर जातोच, तो परत द्यावाच लागतो. आणि पाणी साचलेल्या खाचरात पीएच आपोआप वर सरकतो, तिथे ॲल्युमिनियमचा त्रास फारसा नसतो, खरी अडचण वरकस, म्हणजे पाणी न साचणाऱ्या उताराच्या, जमिनीत. तिथली जात तिथल्याच मातीत, कमी खतावर पारखलेली हवी.